‘आवडत नाही’ म्हणजे ‘जमणार नाही’ तर नव्हे?

पुढे काय शिकायचं हे ठरवायची वेळ आली की विद्यार्थ्यांच्या तोंडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘मला ते आवडत नाही.’ दुसरं, ‘ते मला जमणार नाही.’ पहिलं म्हणायला सोपं, कारण आवडनिवड ज्याची त्याची असते आणि तिच्यावर सहसा कोणी वाद घालत नाही. दुसऱ्यात कबुली असते, म्हणून ते जिभेवर यायला जड जातं. त्यामुळे दुसरं वाक्य पुष्कळदा पहिल्याच्या वेशात बाहेर पडतं. ऐकणाऱ्याला ते ओळखू येत नाही आणि बोलणाऱ्यालाही येत नाही. ‘मला भौतिकशास्त्रात रसच नाही’ असं मनापासून सांगणाऱ्या मुलीला खरोखरच रस नसेल. किंवा तीन वर्षांपूर्वी फळ्यासमोर उभं राहून एक गणित चुकलं, वर्ग हसला आणि त्या दिवसापासून तिनं त्या विषयाशी बोलणंच टाकलं, असंही असेल.

दोन्ही कारणांनी विषय सुटतोच. पण पहिल्या कारणानं सुटला तर ती निवड असते, दुसऱ्यानं सुटला तर माघार. या दोन्हींतला फरक वेळेवर ओळखता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

कसला आत्मविश्वास?

‘आत्मविश्वास’ हा शब्द आपण फार ढगळपणे वापरतो. चारचौघांत धीटपणे बोलणारा मुलगा आत्मविश्वासू आणि मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी आत्मविश्वास नसलेली, असा आपला सरसकट हिशोब. मानसशास्त्रात या एका शब्दाची किमान दोन वेगळी रूपं मानतात. एक म्हणजे स्वतःबद्दलचं एकूण मत, ‘मी माणूस म्हणून बरा आहे’ ही भावना. दुसरं म्हणजे एखाद्या ठरावीक कामाबद्दलचा अंदाज, ‘हे मला जमेल.’

हा दुसरा प्रकार नीट वेगळा काढून दाखवला तो आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं. कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्यभर काम केलेल्या बांडुरांनी १९७७ मध्ये यावरचा आपला गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. सापांची प्रचंड भीती असलेल्या लोकांवर ते उपचार करत होते. साप हाताळणं आपल्याला कितपत जमेल, याचा त्या माणसाचा स्वतःचा अंदाज जसा वाढे, तसं त्याचं प्रत्यक्ष वागणं बदले, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे हाच विचार अभ्यास, खेळ आणि नोकरीधंदा या सगळ्या क्षेत्रांना लावून पाहिला गेला. विद्वानांनी त्याला जड जड प्रतिशब्द योजले आहेत. मला मात्र आपला ‘जमेल’ हाच शब्द त्यासाठी सगळ्यांत नेमका वाटतो. या लेखात आत्मविश्वास म्हणजे हा ‘जमेल’चा अंदाज, असं धरून चालू.

हा अंदाज विषयागणिक बदलतो. रंगमंचावर बिनधास्त वावरणाऱ्या मुलाला अपूर्णांक दिसले की घाम फुटू शकतो. चार अनोळखी माणसांसमोर नाव सांगताना अडखळणारी मुलगी संगणकाच्या एखाद्या किचकट आज्ञावलीशी रात्रभर शांतपणे झुंजू शकते. म्हणून ‘आमच्या मुलात आत्मविश्वासच नाही’ या वाक्याला तसा काही अर्थ उरत नाही. विचारायचं ते हे की कोणत्या कामाबद्दल नाही.

‘मी छान आहे’ ही भावना वाढवून अभ्यास सुधारेल, अशी आशा एके काळी मोठ्या प्रमाणावर बाळगली गेली. २००३ मध्ये रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ती आशा फोल ठरली. स्वतःबद्दल उगाच बरं वाटायला लावल्यानं गुण वाढत नाहीत, उलट चांगली कामगिरी झाली की स्वतःबद्दल बरं वाटतं, असाच कल त्यात दिसला. नुसतं आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणत राहण्यावर माझा फारसा विश्वास नाही, तो यामुळेच.

दारं कशी बंद होतात

हा अंदाज करिअरच्या निवडीत नेमका कुठे घुसतो, ते १९८१ मध्ये नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट या दोन संशोधक स्त्रियांनी दाखवलं. त्यांनी कॉलेजातल्या तरुण-तरुणींसमोर २० व्यवसायांची यादी ठेवली. त्यातले १० तेव्हा पुरुषांचे मानले जाणारे होते आणि १० स्त्रियांचे. प्रत्येक व्यवसायाचं शिक्षण तुम्हाला पूर्ण करता येईल का, ते काम जमेल का, असं विचारलं. तरुणांचा आत्मविश्वास दोन्ही प्रकारच्या व्यवसायांबद्दल साधारण सारखा होता. तरुणींचा मात्र ‘पुरुषांच्या’ व्यवसायांबद्दल स्पष्टपणे कमी होता. गणिताच्या आणि भाषेच्या प्रवेशपरीक्षेत या तरुण-तरुणींच्या गुणांत फरक नव्हता. क्षमता सारखी असूनही अंदाज वेगळा होता आणि ज्याबद्दल ‘जमेल’ वाटत नव्हतं, ते व्यवसाय त्या विचारातच घेत नव्हत्या.

यातला ‘विचारातच घेत नव्हत्या’ हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आत्मविश्वासाची कमतरता नेहमी रडत, घाबरत, नापास होत येते असं नाही. बहुतेक वेळा ती गुपचूप यादी लहान करते. दहा पर्यायांतले सहा मनातल्या मनात आधीच खोडले जातात, मग उरलेल्या चारांतून विद्यार्थी अगदी मोकळेपणानं निवड करतो आणि आपण स्वतंत्रपणे निवडलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. खोडलेल्या सहांचा शोक तो करत नाही, कारण ते कधी हातात होते हेच त्याला माहीत नसतं.

जॉईस एर्लिंगर आणि डेव्हिड डनिंग यांचा २००३ चा प्रयोग याहून बोलका आहे. विद्यार्थ्यांना आधी स्वतःच्या वैज्ञानिक कौशल्याला १० पैकी गुण द्यायला सांगितलं. तरुणींनी स्वतःला सरासरी ६.५ दिले, तरुणांनी ७.६. मग विज्ञानाची एक छोटी चाचणी झाली. आपली किती उत्तरं बरोबर आली असतील, असं विचारल्यावर तरुणींचा अंदाज १० पैकी ५.८ निघाला, तरुणांचा ७.१. प्रत्यक्षात तरुणींचे ७.५ बरोबर होते आणि तरुणांचे ७.९, म्हणजे जवळजवळ बरोबरी. निकाल कळायच्या आधीच त्यांना विचारलं की विज्ञानाच्या एका स्पर्धेत भाग घ्याल का? तरुणांपैकी ७१ टक्के हो म्हणाले, तरुणींपैकी फक्त ४९ टक्के. निर्णय गुणांवर झालाच नाही, तो गुणांच्या अंदाजावर झाला. आणि तो अंदाज त्या चाचणीतून आलेला नव्हता, ‘मी विज्ञानात तशी बेताचीच’ या जुन्या मतातून आलेला होता.

मग हे जुनं मत येतं कुठून? समाजशास्त्रज्ञ शेली कॉरेल यांनी २००४ मध्ये एक युक्ती केली. त्यांनी एक कौशल्यच कल्पनेतून निर्माण केलं. चौकोनात काळा रंग जास्त की पांढरा, हे ओळखायचं, असं काहीसं. असं कौशल्य मुळात अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे कुणाचंही त्याबद्दल आधीचं मत असणं शक्य नव्हतं. एका गटाला सांगितलं की पुरुष यात सरस असतात. दुसऱ्या गटाला सांगितलं की स्त्री-पुरुषांत यात फरक नसतो. आणि सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, ठरवून सारखेच गुण दिले. पहिल्या गटात तरुणांनी स्वतःचं कौशल्य तरुणींपेक्षा वरचं मानलं. ‘मला हे येतं’ म्हणायला किती गुण पुरेत, याची त्यांची पट्टीही खाली होती, आणि हे कौशल्य लागेल अशा क्षेत्रात जायची तयारीही त्यांनी जास्त दाखवली. दुसऱ्या गटात हा फरक दिसला नाही. कानावर पडलेलं एक वाक्य काही मिनिटांत एवढं करू शकतं. मग वर्षानुवर्षं ऐकलेली ‘हे आपलं काम नव्हे’ ही वाक्यं काय करत असतील?

मुली आणि मुलगे ही उदाहरणं संशोधनात जास्त येतात, म्हणून इथंही आली. पण घरात पहिल्यांदाच उच्च शिक्षणाच्या पायरीवर चढणारा विद्यार्थी, वेगळ्या भाषेत शिकून आलेला विद्यार्थी, एकदा नापास झालेला विद्यार्थी, या सगळ्यांच्या बाबतीत यंत्रणा तीच असते.

आपण स्वतःला कशाशी मोजतो

स्वतःच्या क्षमतेचा अंदाज बांधताना आपण मोजपट्टी वापरत नाही, तुलना वापरतो. हर्बर्ट मार्श या संशोधकानं १९८० च्या दशकात या तुलनेचे दोन विलक्षण प्रकार उलगडले.

पहिली तुलना वर्गातल्या इतरांशी. मध्यम हुशार मुलगा साध्या शाळेत गेला तर तो ‘हुशार’ ठरतो. तोच मुलगा निवडक हुशार मुलांच्या शाळेत गेला की ‘सामान्य’ वाटू लागतो, स्वतःलाही. मार्श यांनी याला लहान तळ्यातल्या मोठ्या माशाची उपमा दिली. पुढे २६ देशांतल्या १५ वर्षांच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवर हे तपासून पाहिलं आणि हा परिणाम जवळपास सगळीकडे आढळला. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच वर्षी खचणारी मुलं आपण पाहतो. त्यांचं ज्ञान कमी झालेलं नसतं, फक्त तळं बदललेलं असतं. हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलं तर विषय सोडण्याचे कितीतरी निर्णय टळतील, असं मला फार वाटतं.

दुसरी तुलना अधिक छुपी आहे, कारण ती स्वतःच्याच विषयांमध्ये होते. समजा एका मुलीला गणितात ८५ आणि भाषेत ९५ गुण आहेत, आणि तिच्या मैत्रिणीला गणितात ७५ आणि भाषेत ६०. पहिली म्हणते, ‘मी भाषेची विद्यार्थिनी, गणित माझं नव्हे.’ दुसरी म्हणते, ‘माझं गणित चांगलं आहे.’ गणितात दहा गुणांनी पुढे असलेली मुलगी गणित सोडते आणि मागे असलेली ते घेते. मार्श यांना आढळलं की भाषा आणि गणित यांतले गुण सहसा जोडीनं चालतात, पण त्या दोन विषयांतला आत्मविश्वास मात्र एकमेकांपासून जवळजवळ सुटा असतो. कारण एक विषय वर गेला की मनात दुसरा आपोआप खाली बसतो. २०१९ मध्ये टोमा ब्रेडा आणि क्लोटिल्ड नॅप यांनी आंतरराष्ट्रीय परीक्षांची माहिती तपासून दाखवलं की मुली गणिताकडे कमी वळतात यामागे त्यांचं वाचन-भाषेतलं तुलनेनं सरस असणं हे मोठं कारण आहे. गणितात कच्च्या आहेत म्हणून नव्हे, भाषेत जास्त चांगल्या आहेत म्हणून.

सर्वांत चांगल्या विषयाकडे जाण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती ‘दुसरा क्रमांक’ म्हणजे ‘येत नाही’ असा अर्थ काढण्यात.

सहा पानांची गोष्ट

‘जमेल’चा अंदाज कशावर उभा राहतो, याचे बांडुरांनी चार आधार सांगितले. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याला करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द, आणि त्या क्षणी शरीर काय सांगतंय ते. चौघांत पहिला सगळ्यांत बलवान. बाकीचे तिघे त्याच्या मदतीला.

पहिल्याचं बळ किती, ते पाहायला बांडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग आठवावा. वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली काही लहान मुलं त्यांनी निवडली. स्वतः सोडवायची ४२ पानं आणि सात बैठका. एका गटाला सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं करायचं बघा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं पूर्ण करायचं बघा. काम तेच, पानं तीच, वेळ तोच. सहा-सहा पानांच्या गटातली मुलं भरभर पुढे गेली, त्यांची वजाबाकी पक्की झाली, ‘मला येतं’ ही खात्री वाढली. ४२ पानांचं लांबचं ध्येय दिलेल्या गटाला त्या ध्येयाचा म्हणण्यासारखा फायदा झालाच नाही. आणि पुढची गोष्ट मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची वाटते. सहा पानांच्या गटातल्या मुलांना वजाबाकी आवडू लागली. नंतर मोकळ्या वेळात, कुणी न सांगता, ती मुलं वजाबाकीची गणितं सोडवू लागली.

आवड आधी आणि मेहनत नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘तुझी आवड शोध’ असं सांगतो, जणू ती कुठेतरी लपवून ठेवलेली वस्तू आहे. पुष्कळदा क्रम उलटा असतो. थोडं जमू लागतं, म्हणून माणूस थोडं अधिक करतो, म्हणून अधिक जमतं, आणि या फेऱ्यांत कधीतरी आवड रुजते. रॉबर्ट लेंट, स्टीव्हन ब्राउन आणि गेल हॅकेट यांनी १९९४ मध्ये करिअरनिवडीचा जो सिद्धान्त मांडला, त्याचाही गाभा हाच आहे: जे जमेल असं वाटतं आणि ज्यातून काही चांगलं निष्पन्न होईल असं वाटतं, तिथेच आवड वाढते. ज्या विषयाला ‘जमेल’चा अनुभव कधी मिळालाच नाही, त्याची आवड निर्माण व्हायला जागाच नव्हती.

दुसऱ्या आधाराबद्दल शंक यांनीच आणखी काम केलं. अडखळणाऱ्या मुलांना शिक्षकापेक्षा त्यांच्याच वयाच्या मुलाला गणित सोडवताना पाहून अधिक धीर येतो, हे त्यांनी दाखवलं. यशस्वी माणसांची भाषणं ठेवताना हे ध्यानात ठेवावं. शिखरावरचा माणूस प्रेरणा देतो, पण ‘हा वेगळाच आहे, आपण कुठे!’ असंही वाटायला लावतो. दोन वर्षं पुढे असलेली, पहिल्या सत्रात गटांगळ्या खाऊन सावरलेली ताई त्याहून जास्त उपयोगी पडते. मात्र गटांगळ्यांचा भाग तिनं वगळता कामा नये.

शब्दांचा आधार दुधारी आहे. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू छान मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. ‘हुशार’ म्हटलेली मुलं अपयशानंतर लवकर ढेपाळली, त्यांचा कोड्यांतला रस आटला आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. ‘हुशार’ हा किताब एकदा मिळाला की तो सांभाळावा लागतो, आणि सांभाळायचा सोपा मार्ग म्हणजे अवघड वाटेला न जाणं. करिअर निवडतानाही ‘घरातला हुशार मुलगा’ पुष्कळदा याच भीतीनं सुरक्षित वाट धरतो.

चौथा आधार, शरीराचा, थोडक्यात. परीक्षेआधी छाती धडधडते, हात गार पडतात. याचा अर्थ ‘मला येत नाही’ असा लावायचा की ‘शरीर कामाला सज्ज होतंय’ असा, यानं पुढचं बदलतं. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांनी गणितात आणि भाषणात चांगली कामगिरी केली.

जास्तीचा आत्मविश्वास, आणि ज्याला आत्मविश्वासाचा प्रश्न म्हणू नये

अंदाज वरच्या बाजूलाही चुकतो. जस्टिन क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ मध्ये दाखवलं की एखाद्या कामात सर्वांत मागे असलेले लोकच आपली जागा सर्वांत जास्त फुगवून सांगतात. असा विद्यार्थी तयारी न करता अवघड अभ्यासक्रमात उडी घेतो आणि पहिल्या फटक्याला गोंधळतो. बांडुरांचं म्हणणं असं होतं की अंदाज क्षमतेपेक्षा किंचित वर असावा, कारण तेवढा तो ओढून पुढे नेतो. किंचित वर, हवेत नव्हे.

आणि पुरावे समोर असूनही काहींचा अंदाज खालीच राहतो. पॉलीन क्लान्स आणि सुझन आइम्स यांनी १९७८ मध्ये उच्चशिक्षित, यशस्वी स्त्रियांबद्दल लिहिलं, की पदव्या आणि मानसन्मान मिळूनही त्यांना आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडू असं वाटत राहतं. यश मिळालं की ते नशिबाच्या खात्यात, अपयश आलं की स्वतःच्या. अशा हिशोबात कितीही जमा झालं तरी शिल्लक शून्यच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शुल्क परवडत नाही, घरची जबाबदारी आहे, दारातच भेदभाव होतो, जवळपास तो विषय शिकवणारी संस्थाच नाही, या अडचणी मनाच्या नाहीत. लेंट आणि सहकाऱ्यांच्या सिद्धान्तातही परिस्थितीच्या अडथळ्यांना वेगळं स्थान आहे. तिथे विद्यार्थ्याला ‘जरा आत्मविश्वास ठेव’ म्हणणं हा अन्याय आहे. त्याला शिष्यवृत्ती हवी, वसतिगृह हवं, बाजूनं उभं राहणारा माणूस हवा.

ठरवण्याआधी

मग विद्यार्थ्यानं, किंवा त्याच्याशी बोलणाऱ्या मोठ्या माणसानं, करावं काय? ‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न पहिला नसावा. आधी विचारावं, ‘कोणते पर्याय तू विचार न करताच सोडून दिलेस?’ त्या सोडलेल्यांची यादी कागदावर यावी. मग एकेकापुढे एक प्रश्न: समजा हे तुला नक्की जमेल याची कुणी खात्री दिली, तर करायला आवडेल? उत्तर तरीही ‘नाही’ असेल तर ती खरी नावड. तिचा मान राखावा आणि पुढे जावं. उत्तर देताना जीभ अडखळली, डोळे जरा चमकले, ‘हो, पण...’ आलं, तर तिथे थांबावं. त्या ‘पण’नंतर काय येतं ते पूर्ण ऐकून घ्यावं. मध्ये धीर देऊ नये, उपदेश तर मुळीच करू नये.

मग ‘पण’ तपासायचा. हा अंदाज कधीचा आहे? कशावरून बांधला? एका शिक्षकाच्या एका शेऱ्यावरून, एका परीक्षेवरून, की बरेच दिवस नीट प्रयत्न केल्यावर? कोणत्या तळ्यातला आहे? दुसऱ्या विषयाशी तुलना करून तर आलेला नाही? पुष्कळदा या चार प्रश्नांतच कळतं की निर्णय सहावीतल्या एका दुपारवर उभा आहे.

त्यानंतर चर्चा थांबवून काम हातात घ्यावं. जो विषय सोडायचा म्हणतोय त्याचा सर्वांत सोपा, पण खरा तुकडा निवडावा, तीन-चार आठवडे, रोज थोडा. संपूर्ण पुस्तक नको, आजची सहा पानं. शेजारी त्याच वाटेवर थोडं पुढे असलेलं कुणीतरी असावं. काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं, याची दोन ओळींची नोंद रोज ठेवावी, कारण ‘मला काहीच येत नाही’ असं वाटणाऱ्या दिवशी आठवणीपेक्षा ती वही जास्त खरं बोलते. महिन्याअखेर वही उघडून मग अर्ज भरायला बसावं. विषय तेव्हाही सोडावासा वाटला, तर खुशाल सोडावा. आता तो बघून, करून, ओळखून सोडलेला असेल.